सान्तियागोच्या जुन्या बाजारात वाजलेला चा-चा-चा

चिलीच्या राजधानीत, सान्तियागोच्या फ्रँकलिन भागात, शनिवार-रविवारी ऐन भरात येणाऱ्या 'पेर्सा बिओ-बिओ' या जुन्या बाजारात मी सप्टेंबरमध्ये गेलो, तो सेन्योर कोकोनट या नावाने निघालेल्या तबकड्या शोधण्यासाठी. हे नाव एखाद्या क्युबन बँडमास्तरचे वाटते. प्रत्यक्षात ते घेतले आहे फ्रँकफुर्टच्या ऊवे श्मिट या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने, जो नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात सान्तियागोत येऊन स्थायिक झाला. २००० साली त्याने क्राफ्टवर्क या जर्मन गटाची यंत्रवत, थंड गाणी चा-चा-चा, मेरेंगे आणि कुंबिया या लॅटिन अमेरिकन नाचांच्या ठेक्यात बसवली आणि त्या अल्बमला 'एल बाइले आलेमान', म्हणजे 'जर्मन नाच', असे नाव दिले. ऐकताना डोळ्यांसमोर पांढऱ्या कोटातला भलामोठा वाद्यवृंद उभा राहतो, परंतु ते सारे बव्हंशी ध्वनींचे तुकडे संगणकावर जुळवून रचलेले आहे.

तबकड्या विकणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी माझे मोडकेतोडके स्पॅनिश शांतपणे ऐकून घेतले आणि सेन्योर कोकोनटचा २००३ चा अल्बम 'फिएस्टा साँग्स' लावला. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक गटाचे 'स्मोक ऑन द वॉटर' सुरू झाले. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथील कॅसिनोला लागलेल्या आगीवरचे हे गाणे. त्याची ती जाडजूड, गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी छेडलेली सुरावट इथे मात्र चा-चा-चाच्या अंगाने ठुमकत होती. व्हेनेझुएलाचा गायक आर्खेनिस ब्रितो आगीची हकिगत अशा निर्विकार सभ्यपणे गातो, की हसू त्याच्या त्या गंभीरपणामुळेच फुटते. शेजारच्या गाळ्यात रेडिओचे स्क्रू पिळत बसलेल्या माणसाने मान वर केली नाही, पण त्याचा उजवा पाय ठेका धरू लागला होता.

माझ्या मते अशा गाण्यांची कसोटी तिथेच लागते. मूळ गाणे न ओळखणाऱ्यालाही नाचावेसे वाटले पाहिजे; नाहीतर ती नुसती नक्कल होते आणि दुसऱ्यांदा ऐकवत नाही. श्मिटने नाचाची शिस्त कुठेही ढिली सोडलेली नाही. चा-चा-चा हा पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला क्युबाच्या एन्रिके होर्रीनने रूढ केलेला प्रकार, आणि त्यातली ती तीन झटपट पावले गाण्यात जिथे यायची तिथेच येतात. डोमिनिकन मेरेंगेला धावते ठेवते ती 'ग्वीरा' हे घासून वाजवायचे वाद्य, जिचे मूळ स्वयंपाकघरातल्या खिसणीत आहे. तिची खरखर डोअर्स या अमेरिकन रॉक गटाच्या 'रायडर्स ऑन द स्टॉर्म'मध्ये आली की मूळ गाण्यातले पावसाळी, भयभरले वातावरण पार पळून जाते.

हे सारे चिलीत घडावे याचे मला आधी नवल वाटत होते, कारण एकीकडे बर्फाच्छादित अँडीज आणि अंगावर स्वेटर असलेले हे शहर उष्ण कटिबंधातले मुळीच नाही. मात्र १८ सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला ओ'हिगिन्स उद्यानातल्या मांडवांत गेल्यावर उलगडा झाला. लोक राष्ट्रीय नृत्य म्हणून रुमाल फिरवत 'क्वेका' नाचतात खरे, पण खरी गर्दी होते ती नंतर, कुंबिया सुरू झाल्यावर. कुंबिया मूळची कोलंबियाची. साठच्या दशकात 'ला सोनोरा पालासिओस'सारख्या वाद्यवृंदांनी ती इथे इतकी रुजवली की आता तिच्याशिवाय लग्नही लागत नसावे. जिथे उसना ठेका असा घरचा झाला आहे, तिथे उसनी गाणी घेऊन आलेल्या जर्मन पाहुण्याला परका कोण म्हणणार? (आपणही फारसे वेगळे नाही. १९५१ च्या 'अलबेला'त आपल्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांना हाताशी धरून बाँगोचा ठेका घराघरांत पोहोचवलाच होता.)

सगळेच प्रयोग मात्र जमलेले नाहीत. एल्टन जॉनचे 'ब्लू आइज' बोलेरो या संथ लॅटिन प्रकारात बसवले आहे, पण ते मुळातच संथ आणि हळवे असल्यामुळे तिथे उलटापालट करायला काही उरतच नाही. उलट मायकल जॅक्सनचे 'बीट इट' मेरेंगेच्या वेगात असे सुटते की भांडण सोडून पळ काढण्याचा त्यातला सल्ला प्रथमच अक्षरशः पाळावासा वाटतो. तबकड्या विकणाऱ्या त्या गृहस्थांनी भाव काही कमी केला नाही, तरी मी तबकडी घेतलीच.