वंशावळीतला चौकोन

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीला त्या दिवशी समुपदेशनात जनुकीय तपासणीचा अहवाल सांगायचा होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आत्याला अंडाशयाचा कॅन्सर झाल्यावर तिच्या बीआरसीए-२ जनुकात दोष सापडला होता; या दोषानं स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तोवर घरातले सगळे फवारणीच्या औषधांवर बोट ठेवत होते. बायकांचा कॅन्सर आईकडूनच येतो, हा समज नाशिकमध्ये अजूनही भेटतो. हा दोष बापाकडूनही तितकाच येतो. प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता, मुलगा असो वा मुलगी.

आत्याचा दोष भाचीत निघाला तर तो मुलीच्या वडिलांमधून, म्हणजे अण्णांमधूनच आलेला असणार. म्हणून रक्त घेण्याआधीच त्यांना विचारलं होतं, "हिचं पॉझिटिव्ह आलं तर तुमचंही कळेल. चालेल ना?" ते लगेच हो म्हणाले होते.

अहवाल लॅबकडून थेट पेशंटच्या मोबाइलवर जाऊ देत नाही. बसमध्ये उभ्यानं तो वाचला तर पुढचे कित्येक दिवस त्या एका ओळीभोवतीच जातात. समोर बसवून पहिल्या वाक्यात निकाल सांगायचा आणि गप्प राहायचं. "काळजी करू नका" म्हणायचं नाही. माणूस पुढचं बोलायचं थांबतो.

मुलगी सत्तावीस वर्षांची, तयारीनं आलेली. आकडे तिनेच विचारले. असा दोष असलेल्या १०० जणींपैकी साधारण ७० जणींना ८० वर्षांपर्यंत स्तनाचा आणि १७ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. तिशीपर्यंतचा वाटा त्यात अगदी लहान. हे शेवटचं सांगितलं नाही तर मुली उद्याच गाठ सापडणार असं धरून जगू लागतात. कागदावर एवढंच लिहून दिलं: वर्षातून एकदा स्तनांचा एमआरआय, पाळीच्या ७ ते १५ व्या दिवसात; तिशीनंतर जोडीला मॅमोग्राफी; अंडाशय काढण्याचा विचार मुलंबाळं झाल्यावर, चाळिशीनंतर. बाकीचं दोन आठवड्यांनी. निकालाच्या दिवशी सांगितलेलं फारसं लक्षात राहत नाही.

वंशावळीत पुरुष चौकोनानं दाखवतात. अण्णांच्या चौकोनात वाहक म्हणून ठिपका दिला, तेव्हा ते म्हणाले, "मंग मीच दिलं ना मॅडम पोरीला? आता स्थळं कशी बघायची?"

अशा वेळी "तुमचा दोष नाही" हे वाक्य पुरत नाही. त्यांच्या वरचा गोल आणि चौकोन, म्हणजे त्यांचे आईवडील, दाखवून म्हटलं, "काका, तुम्हालाही हे यांच्यापैकी कुणाकडून तरी आलं. निवडून कुणी देत नाही." मग मुलीला थोडा वेळ बाहेर बसवून त्यांना सरळ विचारलं: झोप, जेवण, आणि जगणं नको वाटतं का? हे विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही. असला तर बाहेर येतो. तसं काही नव्हतं. तरी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला. स्थळाला काय आणि कधी सांगायचं हे मुलगी ठरवेल, हेही तिथेच स्पष्ट केलं.

बहुतेकांचा ताण काही महिन्यांत ओसरतो, पण दर एमआरआयच्या आधी आणि नात्यात नवा कॅन्सर निघाला की परत वर येतो. मुलीला ते आधीच सांगून ठेवलं.

अण्णांची स्वतःची तपासणीही असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. या दोषात पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून चाळिशीपासून पीएसए ही रक्ततपासणी. छातीत गाठ लागली तर दाखवायचं. दुसऱ्या भेटीला ते पीएसएचा रिपोर्ट घेऊनच आले. वारलेल्या भावाच्या दोन्ही मुलांशीही बोलले होते. मोठा तपासणीला तयार झाला, धाकट्याला जाणून घ्यायचं नव्हतं. त्याला पुन्हा विचारू नका, असं अण्णांना सांगितलं. आमचा नंबर त्याच्याकडे असला म्हणजे झालं.