बर्डीवरची परमिट रूम

नागपूरचा इतिहास म्हटलं की लोक सीताबर्डीचा किल्ला, १८१७ ची लढाई आणि महालातले भोसल्यांचे वाडे सांगून थांबतात. मला त्या यादीत बर्डीवरची एक परमिट रूम हवी आहे. झिरो माइलपासून पायी जाता येईल इतकी जवळ, गल्लीच्या आत. मालक संकोची आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

शिरल्याबरोबर गल्ला, गल्ल्यामागे चौकटीतला एफएल-३, म्हणजे दारू बसून प्यायला द्यायचा सरकारी परवाना. संगमरवरी टेबलांच्या कडा हातांनी घासून गुळगुळीत झाल्यात. न मागता उकडलेले चणे येतात, वर कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. सावजी रस्सा हवा असला तर पोऱ्या शेजारच्या खानावळीतून आणून देतो, आणि त्याची तर्री खरोखर घाम फोडते.

राज्यात आजही १९४९ चाच दारूबंदी कायदा आहे, प्यायची तर परवाना लागतो. म्हणून गल्ल्यात एक दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक असतं. हा कायदा मूळचा मुंबई राज्याचा. १९५६ साली विदर्भ त्या राज्यात गेला, नागपूरची राजधानी गेली आणि मागोमाग मुंबईचे कायदे आले. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन तेवढं आपल्या वाट्याला आलं. डिसेंबरात इथे बसून बघा. एका टेबलावर मुंबईहून आलेले कर्मचारी, दुसऱ्यावर मोर्चासोबत आलेले कार्यकर्ते, कोपऱ्यात बातमी पाठवून मोकळे झालेले पत्रकार. वेगळ्या विदर्भाचा वाद दोन्ही बाजूंनी इतका मुद्देसूद मी दुसरीकडे कुठेच ऐकला नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ बद्दल मात्र इथे आवाज खाली येतो. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. पोलिसांचा लाठीमार, मग चेंगराचेंगरी. ११४ माणसं गेली, त्यात बायका-मुलंच जास्त. इथले सर्वात जुने वेटर काका तेव्हा तरुण होते. मी विचारलं तेव्हा हातातला फडका टेबलावर ठेवून ते समोर बसले, एरवी गिऱ्हाइकासमोर ते कधी बसत नाहीत. "दादा, मालकानं सगळे गिऱ्हाईक उठवले. आम्ही जग भरभरून रस्त्यावर पाणी देऊन राहिलो होतो. चपलाच चपला पडल्या होत्या. एक माय एकच चप्पल हातात घेऊन पोराले शोधत होती." पुढे ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

दसऱ्याला ही रूम बंद असते, सरकारी आदेश असो की नसो. १९५६ साली दसऱ्यालाच दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्या दिवशी स्टेशनवर उतरलेली माणसं बर्डीवरून दीक्षाभूमीकडे चालत जातात. त्यांच्या वाटेवर दारूचं दुकान उघडं ठेवायचं नाही, हा मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला नेम. एका धंदेवाईक माणसाने स्वतःहून पाळलेल्या या नेमाची नोंद कुठल्याच गॅझेटियरमध्ये सापडणार नाही, याची मला फार खंत वाटते.

इमारत आता विक्रीला निघाली आहे. म्हणून काकांचं सांगणं मी फोनवर रेकॉर्ड करायला घेतलंय, आणि मालकांनी जुन्या हिशेबाच्या वह्या दाखवायचं कबूल केलंय. तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका तिथे बसत असतील, घरात एखादा फोटो किंवा बिल असेल, तर कळवा. मी घरी येऊन कॉपी करून घेईन, मूळ वस्तू तुमच्याकडेच राहील.