मुलासाठी घेताय का?

गेल्या ऑक्टोबरात इथे डेन्व्हरमधल्या एका स्नोबोर्डच्या दुकानात गेले होते, बर्फाचा सीझन सुरू व्हायच्या आधी सेल लागतो ना, तेव्हा. भिंतीला ओळीने बोर्ड लावलेले, म्हणजे बर्फावरून उभ्याने घसरायच्या रुंद फळ्या, मी आपली एकेक काढून दोन्ही हातांनी वाकवून बघत होते, किती कडक किती लवचिक ते. तेवढ्यात काउंटरवरचा पोरगा आला, असेल बावीस-तेवीसचा. गोड पोरगा हं, काही वाईट बोलला नाही. म्हणाला, "मुलासाठी घेताय का? उंची किती त्याची?"

म्हणलं उंची पाच फूट दोन इंच, वय छप्पन्न, आणि तो मुलगा म्हणजे मीच.

बिचारा ओशाळला. ओशाळला आणि लगेच मला नवशिक्यांच्या रॅककडे घेऊन गेला! गेले सोळा हिवाळे मी बोर्ड चालवतेय. म्हणजे तो पोरगा पहिलीत असेल तेव्हापासून. पण पांढरे केस दिसले की दोनच शक्यता, एक तर आई, नाहीतर नवशिकी. तिसरं काही असू शकतं हे त्याच्या डोक्यातच नाही, आणि त्याचा दोष तरी काय म्हणा, त्याच्यामागे लावलेल्या एकाही पोस्टरवर तिशीपुढचा माणूस नव्हता. मी मुद्दाम मोजलं.

मी शिकले चाळिशीत. मुलगा आठ वर्षांचा होता, नवऱ्याने त्याला स्कीच्या क्लासला घातलं आणि स्वतःही शिकायला लागला, मी लॉजमध्ये बसून डबा सांभाळायचे. दोन हिवाळे सांभाळला. मग एक दिवस वैताग आला आणि गेले भाड्याने सामान देतात त्या खिडकीशी. स्कीचे बूट घालून बघितले तर पायाला सिमेंटच्या कुंड्या बांधल्यासारखं झालं, बोर्डाचे बूट आपले मऊ, साध्या स्नोबूटसारखे, म्हणलं हेच द्या. इतका खोल विचार करून मी स्नोबोर्डर झाले. पहिले तीन दिवस माकडहाडावर काढले, चौथ्या दिवशी पहिलं वळण जमलं आणि मग काय, घोडं गंगेत न्हालं.

आई सांगलीला असते, एक्याऐंशीची आहे. तिला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "अगं पाटावर बसायचं वय झालं तुझं, पाटावर उभी काय राहतेस?" तेव्हापासून आमच्या घरात बोर्डाला पाटच म्हणतात.

तर मुद्दा असा, की या पाटवाल्या धंद्याच्या खिसगणतीत आम्ही नाही. कुणी हाकलत नाही आम्हाला, तसं काही नाही, पैसे आनंदाने घेतात. फक्त आमच्याकडे कुणी बघत नाही.

आता उदाहरण देते, बर्फात न गेलेल्यांसाठी जरा विस्ताराने सांगते. स्कीवाला कसा, लिफ्टवरून, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्चीवरून, उतरला की सरळ निघाला, त्याचे दोन्ही पाय आधीच अडकवलेले. बोर्डवाल्याचं तसं नाही. लिफ्टमध्ये बसताना मागचा पाय मोकळा ठेवावा लागतो, ढकलत ढकलत पुढे जायला. वर पोचलं की बाजूला जायचं, बर्फात बूड टेकायचं, वाकायचं, मागच्या पायाचा बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे बोर्डावर बूट अडकवायच्या खोबणीत, बसवायचा, त्यातला बर्फ आधी नखाने खरवडायचा, मग घोट्यावरचा पट्टा आणि बोटांवरचा पट्टा कर्र कर्र करत आवळायचा. आणि मग उठायचं. इथेच सगळी गोम आहे. दोन्ही पाय एका फळीला बांधलेले, मागे उतार, पुढे उतार, हाताला धरायला काही नाही. विशीतला पोरगा एका झटक्यात उठतो. मी पालथी होते, म्हणजे अक्षरशः कासवासारखी पोटावर वळते, गुडघे टेकते, हातांनी बर्फ ढकलत उभी राहते आणि मग उड्या मारत बोर्ड फिरवते. दिवसाला पंधरा फेऱ्या धरल्या तर पंधरा वेळा हे सूर्यनमस्कार. उतरताना दमत नाही हो मी, उठताना दमते! मध्ये सपाट रस्ता लागला आणि वेग संपला की पुन्हा पट्टा सोडा, ढकलत चाला, पुन्हा बसा, पुन्हा उठा.

माझ्याबरोबर सुरुवात केलेले तिघेजण पन्नाशी गाठता गाठता स्कीकडे गेले. एकालाही बोर्डाचा कंटाळा आला नव्हता. बसण्या-उठण्याचा आला होता.

याच्यावर उपाय नाहीये असं नाही. बर्टन या बोर्डाच्या कंपनीने २०१७ मध्ये स्टेप ऑन नावाचं बाइंडिंग काढलं, पट्टे नाहीतच, बुटाला तीन ठिकाणी कड्या, बोटांच्या दोन बाजूंना दोन आणि टाचेला एक, उभ्या उभ्या पाय दाबला की टक् टक् बसतं. निडेकर कंपनीचं सुपरमॅटिक आहे, त्यात तर नेहमीचेच बूट चालतात, मागून पाय सरकवायचा की झालं. मी स्टेप ऑन घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी लिफ्टवरून उतरून न बसता निघाले आणि डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. पण गंमत बघा, हे विकलं कसं जातं? वेळ वाचतो, मित्रांच्या आधी निघाल, पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, पहिला नंबर लावाल. कंबर वाचते असं एक अक्षर नाही! ज्याला याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचं नाव घेतलं तर माल 'म्हाताऱ्यांचा' ठरेल अशी धास्ती असावी. आणि ती धास्ती खोटीही नाही, हे बाइंडिंग आलं तेव्हा पट्टेवाल्या पोरांनी नाकं मुरडलीच होती. म्हणजे आम्हाला वस्तू मिळते, पण चोरून, दुसऱ्याच्या नावाने आलेलं पार्सल घ्यावं तशी.

आता रिस्टगार्डचं, म्हणजे मनगटाला बांधायच्या कवचाचं सांगते. बोर्डावरून पडलं की माणूस हात पुढे करतो आणि मनगट मोडतं, स्कीवाल्यांचे गुडघे जातात, आमची मनगटं, हे इथे डोंगरावर जखमींना उचलायला येणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात हेही सगळ्यांना माहीत. मग रिस्टगार्ड सगळ्यात जास्त कुणाला लागावेत? मी ज्या दुकानात विचारलं तिथे फक्त लहान मुलांचे होते, हिरव्या डायनासोरचे. मोठ्यांचे ठेवत नाही म्हणे, कुणी मागत नाही. मी मागतेय की! शेवटी ऑनलाइन मागवले.

आणि क्लासेस. मागच्या वर्षी मला पावडरमध्ये नीट वळायला शिकायचं होतं म्हणून एका रिसॉर्टचा ग्रुप क्लास घेतला. लहान मुलांचे वयाप्रमाणे गट, तीन ते चार, पाच ते सहा, वगैरे वगैरे, इतकं बारीक, आणि मोठ्यांचा एकच. अठरा ते अनंत. माझ्याबरोबर कॉलेजची पाच पोरं, गुरुजी त्यांच्याच वयाचे, सगळं झाडाझुडपांतून उड्या मारत. मी खाली पोचेपर्यंत त्यांचं पुढचं शिकवून झालेलं. कुणी रागावलं नाही, उलट दर वेळी पोचले की टाळ्या वाजवायचे. टाळ्यांचाच जास्त राग आला मला. हाताशी धरून रस्ता ओलांडून दिल्यासारख्या टाळ्या.

तीन वर्षांच्या पोरांसाठी बर्टनचा रिगलेट म्हणून अख्खा प्रोग्रॅम आहे, इवलेसे बोर्ड, त्याला दोरी, मोठ्यांनी ओढत न्यायचं. फार गोड दिसतात ती पोरं, आणि चांगलीच गोष्ट आहे. पण तीनचा विचार करणाऱ्यांना त्रेसष्टचा विचार का सुचू नये?

मला वाटतं याचं मूळ खूप मागे आहे. हा खेळ मुळात घरगुती खेळण्यातून आला. १९६५ च्या ख्रिसमसला मिशिगनमधल्या मस्कीगनला शर्मन पॉपेन नावाच्या माणसाने मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी ठोकल्या, त्याच्या बायकोने नाव ठेवलं स्नर्फर, स्नो आणि सर्फ मिळून. त्या स्नर्फरच्या पुढच्या टोकाला दोरी असायची. मग १९७७ मध्ये जेक बर्टनने व्हरमाँटमध्ये बोर्डाची कंपनी काढली, पण स्की रिसॉर्टवाले बोर्ड येऊच द्यायचे नाहीत. व्हरमाँटच्याच स्ट्रॅटन रिसॉर्टने १९८३ मध्ये दार उघडलं, ती फार मोठी गोष्ट समजली गेली. अजूनही यूटामधली आल्टा आणि डिअर व्हॅली आणि व्हरमाँटचं मॅड रिव्हर ग्लेन इथे बोर्डाला बंदीच आहे. आल्टावर २०१४ मध्ये बोर्डवाल्यांनी केससुद्धा केली, २०१६ मध्ये अपिलातही हरले.

तर असं सगळीकडून हुसकावलेलं पोर जसं वागेल तसा हा खेळ वाढला. स्की म्हणजे बापाचा खेळ, डॉक्टर-वकिलांचा, आम्ही त्यातले नाही. ढगळ पँट, मोठं म्युझिक, नियम मोडणे. धंदा त्याच्यावरच उभा राहिला आणि जोरात चालला. १९९८ ला हा खेळ जपानमध्ये नागानोला ऑलिंपिकमध्ये गेला तेव्हा पहिलं सोनं जिंकणारा रॉस रेबाग्लियाती गांजाच्या टेस्टमध्ये सापडला, मेडल काढून घेतलं, पुन्हा परत दिलं, आणि सगळ्या पोरांना तो अजूनच आवडायला लागला.

पण त्याला आता किती वर्षं झाली! नागानो टीव्हीवर बघून ज्यांनी बोर्ड घेतला ती पोरं आज पंचेचाळीस-पन्नासची आहेत. ज्या बापाविरुद्ध बंड केलं तो बाप आता हेच आहेत, गहाणखतं आहेत, पाठदुखी आहे, पोरांच्या फिया आहेत. जेक बर्टन २०१९ मध्ये गेला, पासष्टचा होता. पॉपेनही त्याच वर्षी गेला, एकोणनव्वदचा होऊन, आणि तो पठ्ठ्या आधुनिक बोर्ड शिकला तोच मुळी साठी ओलांडल्यावर, इथेच कोलोरॅडोत स्टीमबोट स्प्रिंग्जला राहायचा. ज्याच्या खेळण्यातून हा सगळा धंदा उभा राहिला तो म्हातारपणी शिकला, आणि मला नवशिक्यांच्या रॅककडे नेतात.

कुणी म्हणेल वय झाल्यावर हा खेळ जमतच नाही. २०२२ चं बीजिंग ऑलिंपिक बघा. निक बॉमगार्टनर, हाही मिशिगनचा, काँक्रीटची कामं करून पोट भरणारा गडी, वय चाळीस. एकट्याच्या स्नोबोर्ड क्रॉसमध्ये, म्हणजे चौघांनी एकदम उतरायच्या शर्यतीत, क्वार्टरफायनललाच बाहेर पडला आणि कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला. दोन दिवसांनी मिक्स्ड टीममध्ये लिंडसे जेकबेलिसबरोबर सोनं. ती छत्तीसची, तिचं तर त्याच आठवड्यातलं दुसरं सोनं, २००६ ला तुरिनमध्ये जिंकत आलेली असताना शायनिंग मारायला गेली आणि पडली होती, ती हीच. आणि त्याच ऑलिंपिकला ऑस्ट्रियाची क्लाउडिया रीग्लर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उतरली होती. ही बाई २०१५ मध्ये पॅरलल जायंट स्लॅलमची, म्हणजे दोघींनी शेजारी शेजारी झेंड्यांना वळसे घालत उतरायच्या शर्यतीची, वर्ल्ड चॅम्पियन झाली, एकेचाळीसची असताना. तुम्ही तिचं पोस्टर कधी कुठल्या दुकानात बघितलंय? मी तरी नाही. रेसवाले बोर्ड म्हणजे कूल नाही ना, कूल म्हणजे हाफपाइप, ती बर्फाची अर्धगोल घळ, तिच्यातल्या उड्या आणि लोखंडी दांड्यांवर घसरणं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर नवरा म्हणेल एकतर्फी लिहिलंस. आम्ही गिऱ्हाईक म्हणून तसे वाईटच. मी एक बोर्ड नऊ वर्षं वापरला, जॅकेट त्याहून जुनं. नवीन ग्राफिक्स आले म्हणून दर वर्षी बोर्ड घेणारी आमची जात नाही, आणि देशस्थी स्वभाव, काय करता. पण मी दर हिवाळ्यात सीझन पास घेते, वर गेल्यावर सतरा डॉलरचं भिकार सूप घेते, आठवड्यातले मधले दिवस जाते जेव्हा त्यांच्या लिफ्टा रिकाम्या फिरत असतात. दुकानातल्या पोराला बोर्ड परवडत नाही, तो कामगार डिस्काउंटवर घेतो. मला परवडतो. मला विका की!

आमचा एक मंगळवारचा कंपू आहे. कुणी ठरवून केलेला नाही, लिफ्टच्या रांगेत ओळखी होत गेल्या. सगळ्यात मोठे आजोबा त्र्याहत्तरचे, निवृत्त पोस्टमन, बोर्डाची कड निघालीय ती स्वतःच इपॉक्सीने चिकटवतात. एक बाई एकसष्टची, गुडघा बदललेला. पहाटे पाचला उठायचं, आय-सेव्हंटी हायवेवर ट्रॅफिक लागायच्या आत आयझेनहॉवरचा बोगदा गाठायचा, अकरा हजार फुटांवर आहे तो, तिथे पोचेपर्यंत उजाडतं. मी फॉइलमध्ये थालीपीठ नेते, आतल्या खिशात ठेवलं की गरम राहतं, पोस्टमन आजोबांना आता लसणाच्या चटणीशिवाय चालत नाही. वर पोचल्यावर कोण कसं उठतं यावर आमच्यात मास्टर डिग्री झालीय. आजोबा तर बसतच नाहीत, एका कुंपणाच्या खांबाला धरून उभ्यानेच पट्टे लावतात, प्रत्येक लिफ्टजवळचा त्यांचा खांब ठरलेला. रिसॉर्टने एका ठिकाणचं कुंपण हलवलं तर दोन आठवडे ते त्या बाजूला आले नाहीत. एक बाकडं ठेवा म्हणून आम्ही दोनदा लिहून दिलं, गुडघ्याएवढ्या उंचीचं साधं लाकडी बाकडं, पट्टे लावायला. उत्तर आलं, तुमच्या सूचनेबद्दल आभारी आहोत. त्याच महिन्यात पोरांच्या उड्यांच्या पार्कमध्ये घसरायला दोन नवीन दांड्या बसवल्या.

या मंगळवारी बर्फ छान होता, रात्रीत आठ इंच पडला होता. फक्त लिफ्टवर चहा ओतून घेताना थर्मासचं झाकण हातातून सुटलं आणि खाली गेलं, लिफ्टच्या सातव्या आणि आठव्या खांबाच्या मधे, बरोबर पाइनच्या झाडाखाली. आजोबांनी खांब मोजून ठेवलेत. मे महिन्यात बर्फ उतरला की चालत जाऊन शोधणार आहोत.