तीन बोटांचा गोलंदाज

आज रविवारची सगळी दुपार मॉर्डेकाय ब्राउन या अमेरिकन बेसबॉलपटूची कारकीर्द वाचण्यात गेली. इंडियाना राज्यातल्या शेतावर लहानपणी कडबा कापण्याच्या यंत्रात उजव्या हाताची तर्जनी गेली आणि पुढे पडल्यामुळे मोडलेले मधले बोटही वाकडेच जुळले, तरी कोळशाच्या खाणीत राबणारा हा माणूस १९०३ मध्ये व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर पोहोचला. बेसबॉलमध्ये चेंडूला टप्प्याचा आधार नसतो, तो हवेतच वळवावा लागतो. आणि तर्जनीच्या खुंटावरून सुटणारा त्याचा चेंडू फलंदाजापाशी येता येता असा काही खाली बुडायचा, की धडधाकट हाताच्या गोलंदाजांनी हेवा करावा.

वाचता वाचता मुलाचा टेनिस बॉल घेऊन, तर्जनी दुमडून, अंगणातल्या भिंतीवर टाकून पाहिला. चौथा चेंडू थेट तुळशीत गेला, तेव्हा नाद सोडला.

१९०६ मध्ये शिकागो कब्ज या संघाकडून त्याने २६ सामने जिंकले आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडल्या, तर नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी अवघ्या १.०४ धावा दिल्या. मला मात्र या आकड्यांपेक्षा ८ ऑक्टोबर १९०८ ची न्यूयॉर्कमधली लढत मोठी वाटते. पहिल्याच डावात संघ अडचणीत असताना चेंडू त्याच्या हाती आला आणि समोर न्यूयॉर्कचा ख्रिस्ती मॅथ्यूसनसारखा दिग्गज गोलंदाज असूनही शिकागोने ४-२ असा विजय मिळवला. १९१६ मध्ये दोघांनी आपला अखेरचा सामनाही एकमेकांविरुद्धच खेळला. थकलेल्या हातांनी दोघेही बेदम चोपले गेले आणि मॅथ्यूसनचा संघ १०-८ असा जिंकला.