यादीतून गेलेलं गाणं

शनिवार, पहाटे

झोप झालीच नाही. डोळा लागला की तो टॅब्लेट दिसतो. कराओकेच्या खोलीत गाणी शोधायला असतो तो, देनमोकु. त्यावर लावलेल्या गाण्यांची यादी उघडली होती आणि माझं गाणं तिथं नव्हतं.

मी स्वतः लावलं होतं. चौथ्या नंबरला, गायिका हितोतो योचं 'हानामिझुकी'. लावल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात नाव झळकलेलं पाहिलं होतं. दोन गाणी झाली, टॅब्लेट फिरत फिरत माझ्याकडं आला, सहज यादी उघडली. तीन गाणी होती, त्यात ते नाही. खोलीत आम्ही ऑफिसातले आठ जण. कुणीतरी ते रद्द केलं आणि टॅब्लेट शेजारच्याकडं सरकवला.

मिलिंद म्हणाला, 'मग परत लावायचंस की.' खरंय. पण हात गेला नाही. ज्यानं नको म्हटलंय त्याच्या दारात पुन्हा कसं उभं राहायचं?

तीन आठवडे बसवत होते ते गाणं. निशी-कासाईहून ओतेमाचीपर्यंत रोज टोकियोच्या तोझाई मेट्रो लाइनमध्ये, कानात इयरफोन, ओठ मिटलेले. घरी कुकर लावताना. आईशी फोनवर बोलताना एकदा तोंडातून ओळ निसटली तर ती म्हणाली, 'कसलं गं हे, छान आहे.' बऱ्याच दिवसांनी तिनं माझ्या गाण्याला छान म्हटलं. ते असो.

आठ वर्षं मी इथं जपानमध्ये दुसऱ्यांच्या आवडीची गाणी गातेय. पहिल्या वर्षी ऑफिसातल्या एका ताईंनी जवळ बसवून शिकवलं होतं. बाईनं पहिलं गाणं संथ घ्यायचं नाही. सगळ्यांना टाळ्या धरता येतील असं घ्यायचं. साहेबांचं वय काढायचं आणि ते पंधरा-सोळाचे असताना काय गाजत होतं ते बघायचं. आमचे साहेब १९६७ चे, म्हणजे मात्सुदा सेइकोचं 'आकाई स्वीट पी', १९८२ चं. त्याची चाल गायिका मात्सुतोया युमीनं टोपणनावानं बांधली होती, हे कळल्यापासून मला ते फार आवडायला लागलं. पहिल्या दोन ओळींत साहेबांचा चेहरा सैल पडतो, दर वेळी. त्यांच्याहून धाकटे असतील तर 'झान्कोकु ना तेन्शी नो तेझे', १९९५ चं. त्याला खोली अख्खी ओरडते, गळा नसला तरी चालतं. नवी पोरं असतील तर आइम्योनचं 'मॅरिगोल्ड', २०१८ चं. आणि पिंक लेडीचं 'यूएफओ' सगळ्यांनाच चालतं, कारण १९७७ चं असलं तरी डोक्यामागून हात वर काढायची ती खूण नातवंडांनाही येते.

अशा हमखास गाण्यांना इथं 'तेप्पान' म्हणतात. तेप्पान म्हणजे लोखंडी पत्रा. वाकणार नाही, फुटणार नाही. माझं तेप्पान म्हणजे एकेबी४८ या मुलींच्या गटाचं 'कोइसुरु फॉर्च्युन कुकी'. २०१३ साली ते आलं तेव्हा कंपन्यांनी, अगदी कानागावा प्रांताच्या सरकारी कचेरीनंसुद्धा त्यावर नाचून व्हिडिओ काढले होते. हातांची साधी हालचाल, कुणीही उठून करावी. मी सुरू केलं की तंबोरीन वाजायला लागतात, साहेब उभे राहतात, परक्या देशातून आलेली मी दोन-तीन मिनिटं कुणाला परकी वाटत नाही. त्या तीन मिनिटांसाठी मी ते आठ वर्षं गायलं. मूळ पट्टी माझ्या गळ्याला चढते, तीन घर खाली उतरवून घेते.

'हानामिझुकी'ला तसं करावं लागत नाही. ते माझ्याच गळ्यासाठी लिहिलंय असं वाटतं. हितोतो योचे वडील तैवानचे, आई जपानी. २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला जे झालं त्यानंतर तिनं ते लिहायला घेतलं आणि गाणं २००४ मध्ये आलं. हानामिझुकी हे झाडही बाहेरून आलेलं. टोकियोनं १९१२ मध्ये वॉशिंग्टनला साकुरा, म्हणजे चेरीची झाडं पाठवली, त्याची परतफेड म्हणून १९१५ मध्ये तिकडून ही झाडं आली. आपल्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, तसंच. आता आमच्या गल्लीत ती फुललीत. चार पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी खाच. काल ऑफिसला जाताना त्यांच्याखाली थांबले होते आणि आज हे गायचंच असं ठरवलं होतं.

आणि ते काढलं.

पुरुषांना सगळं माफ असतं. आमच्यातला एक जण बेसूर रॉक गातो, लोक टाळ्या पिटतात. बाईनं मनापासून, संथ काही घेतलं की माना मेनूकार्डात जातात. आजोळी भेंड्या चालायच्या तेव्हा अक्षर आलं की गायचं, भजन असो की लावणी, मामी तर अंगाईसुद्धा घ्यायची. 'हे नको' असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. इथं मला कुणी एकदा तरी विचारलं का, की तुला कुठलं...

जाऊ दे.

दुपारी

पोळ्या लाटताना आठवलं, म्हणून परत लिहायला बसले.

कालच्या पार्टीचा कांजी, म्हणजे सगळी व्यवस्था बघणारा, आमच्यातला सगळ्यात धाकटा. त्याची पहिलीच वेळ. गेल्या आठवड्यात तो वही घेऊन माझ्याकडं आला होता आणि मीच त्याला सांगितलं होतं: 'वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी काउंटरवरून खोलीत फोन येतो. त्या सुमाराला यादीत संथ, लांब गाणं राहू देऊ नकोस. शेवट सगळ्यांनी मिळून गायचा असतो.' त्यानं ते लिहून घेतलं होतं. माझ्यासमोर, पेन्सिलीनं, खाली रेघ मारून.

यादीत गाण्याचं नाव दिसतं, कुणी लावलं ते नाही. त्यानं पाच मिनिटांच्या वर चालणारं एक संथ गाणं बघितलं असणार आणि मी सांगितलं तसं केलं असणार. फोन खरंच थोड्या वेळानं आला. शेवटी सगळ्यांनी उभं राहून गायलं, आणि कुठलं गाणं? माझंच फॉर्च्युन कुकी. माईक त्यानं माझ्याच हातात आणून दिला होता, दोन्ही हातांनी. किती खूश होता पोरगा.

राग त्याच्यावर नव्हताच बहुतेक. कणीक हातात तशीच राहिली, कारण डिसेंबर आठवला. वर्षअखेरची पार्टी, कांजी मी. फोन आला तेव्हा यादीत पुढचं एकच गाणं होतं, अकाउंट्समधल्या बाईंचं. त्या कधीच काही लावत नाहीत. त्या दिवशी लावलं होतं. नाव ओळखीचं दिसलं नाही आणि मी मधे घालायचं बटण दाबून आपलं तेप्पान पुढं घेतलं. नंतर वेळ संपली. त्या कोटाची बटणं लावत होत्या, मी म्हटलं, 'पुढच्या वेळी नक्की हं.' त्या हसल्या आणि टेबलावरचे रिकामे ग्लास एका बाजूला लावत राहिल्या.

काल त्या होत्या, माझ्या समोरच्या कोपऱ्यात. रात्रभर त्यांनी काहीच लावलं नाही. मी मात्र काल रात्रभर माझंच गाणं शोधत होते.

गाण्याचं नावही मला आठवत नाही. पहिलं अक्षर 'त्सु' होतं की 'शि', तेही नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलापाशी जाऊन विचारणार आहे, कुठलं होतं म्हणून. सांगितलं तर म्हणेन, आपण दोघीच जाऊ, कामाच्या दिवशी संध्याकाळी, तासभर खोली घेऊ. आधी तुमचं. मग माझं.