लातूरची मिल, मोझांबिकची तूर

आमची डाळमिल उभी राहिली ती लातूरच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, भरवशावर. जानेवारीत नवी तूर आली की आडतीवर खरेदी करायची, गोदाम भरायचं आणि तोच माल दिवाळीपर्यंत पुरवायचा. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. तूरडाळ किलोमागं २०० रुपयांच्या घरात गेली आणि मोंढ्यात भरडायला माल मिळेना.

जुलै २०१६ मध्ये भारताचा आफ्रिकेतल्या मोझांबिकशी करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन, पुढं वाढत २ लाख टनांपर्यंत तूर घ्यायची असं ठरलं. तिकडची सुगी ऑगस्ट-सप्टेंबरची, तेव्हा आपली तूर शेतात हिरवीगार असते. आमच्यासारख्या मिलचे नेमके तेच महिने रिकामे. न्हावाशेवा बंदरातून पहिली ‘गजरी’, म्हणजे मोझांबिकची तूर, आली तेव्हा आमच्या मिस्त्रींनी दाणा दाताखाली फोडून ओल पाहिली, मग चाळण्या बदलल्या. बारीक दाण्याला तेल-पाणी किती लावायचं, उन्हात किती ठेवायचं, हे सगळं नव्यानं बसवावं लागलं. उतारा, म्हणजे तुरीतून निघणारी डाळ, जमायला एक हंगाम गेला.

मोझांबिकशी भारताचं नातं डाळीपुरतं नाही. रोवुमा खोऱ्यातल्या एका मोठ्या गॅस प्रकल्पात आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे, टेटे प्रांतात कोळशाची खाण आहे. २०१९ च्या इडाई चक्रीवादळात बैरा बंदरात मदतीला आपली नौदलाची जहाजं धावली. चीनही तिथं जोरात आहे. मापुतोच्या खाडीवरचा प्रचंड झुलता पूल त्यांनीच बांधला. पण तिथल्या लहान शेतकऱ्याची तूर घेणारं मोठं गिऱ्हाईक आपणच. ते लोक स्वतः तूर फारशी खात नाहीत, आपल्यासाठीच पेरतात.

म्हणूनच ऑगस्ट २०१७ मध्ये भारतानं तूर आयातीवर मर्यादा घातली तेव्हा तिकडचे भाव कोसळले. आपल्याकडं त्याआधीच्या हंगामात अमाप पीक येऊन क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली तूर विकली गेली होती, त्यामुळं मर्यादा घालणं भागच होतं. पण पेरून बसलेल्या माणसाला ऐनवेळी नियम कळावा, हे मला पटत नाही. तो आमच्या निलंग्याचा असो की मोझांबिकमधल्या नामपुलाचा. २०२१ मध्ये वर्षाला २ लाख टनांचा करार आणखी ५ वर्षांसाठी वाढवला, त्याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं.

आता आम्ही उन्हाळ्यापर्यंत फक्त लातूरचीच तूर घेतो आणि आफ्रिकेच्या मालाचे सौदे पावसाळ्यात करतो. मिल बाराही महिने चालते, कामगारांना दिवाळीआधी घरी बसावं लागत नाही.