तुम्ही विचारलंत म्हणून : टाकीत शेवाळं का नाही?

घरी कोणी पहिल्यांदा आलं की टाकीसमोर थोडा वेळ उभं राहतं, मासे मोजतं आणि मग हमखास विचारतं, "शेवाळं कसं नाही हो यात? कुठलं औषध टाकता?" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कधीतरी टाकी ठेवलेली असते आणि हिरव्या काचा घासून घासून कंटाळल्यावर ती रिकामी करून टाकलेली असते. त्यांच्या प्रश्नामागे तो अनुभव असतो. उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून आज बसून लिहिते आहे.

औषध मी टाकत नाही. शेवाळं मारणारी द्रव्यं बाजारात मिळतात, सुरुवातीला वापरूनही पाहिली. आठ-दहा दिवस काच स्वच्छ राहते आणि मग तेच शेवाळं, कधी कधी दुसऱ्याच जातीचं, परत येतं. ज्या कारणानं ते आलं होतं ते कारण जागच्या जागी असतं ना.

माझी टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच आहे, म्हणजे साधारण ६५ लिटरची. त्यात सगळ्या पाणवनस्पती: मागे रोटाला आणि लुडविजिया, मध्ये क्रिप्टोकोरीन, लाकडाला बांधलेली ॲन्युबियस आणि पुढे जमिनीलगत पसरलेली मोंटे कार्लो. या प्रकाराला हाय-टेक टाकी म्हणतात. जोरदार एलईडी दिवा, सिलिंडरमधून पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि नियमित खत, या तिघांच्या जोरावर वनस्पती इथे एरवीच्या कितीतरी पट वेगानं वाढतात. वेग वाढला की चुकीची शिक्षाही लवकर मिळते. कमी उजेडाच्या साध्या टाकीत महिनाभर दुर्लक्ष झालं तरी निभावतं. इथे चार दिवसांत दिसायला लागतं.

माझी पहिली चूक दिव्याची होती. वनस्पतींना उजेड लागतो, मग जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ, असा सरळ हिशोब मी केला. सगळ्यात प्रखर दिवा आणला, पूर्ण ताकदीवर रोज दहा तास लावला. तिसऱ्या आठवड्यात रोटालाच्या प्रत्येक पानावरून हिरवे तंतू लोंबत होते. मी खत बंद केलं, कारण शेवाळं खतावर पोसतं असं सगळे सांगत होते. मग रोटालाची खालची पानं पिवळी पडून गळाली, शेंडे आखडले आणि शेवाळं आणखी फोफावलं.

तेव्हा लक्षात आलं नव्हतं ते असं, की दिवा म्हणजे वनस्पतीकडे केलेली मागणी. जितका उजेड तितकं अन्न तिनं तयार करायचं आणि त्यासाठी कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, लोह हे सगळं त्याच प्रमाणात हाताशी असायला हवं. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं शेतीबद्दल ठसवलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो: जो घटक सगळ्यात अपुरा, तो वाढ अडवतो. बाकीचे कितीही ओता. टाकीत हा अपुरा घटक बहुतेक वेळा कार्बन असतो. नुसत्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमही कार्बन डायऑक्साइड नसतो. शिवाय हा वायू हवेत जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यात पसरतो, त्यामुळे पानाला चिकटून असलेल्या पाण्याच्या थरातला वायू संपला की नवा पोहोचायला वेळ लागतो. अशा पानावर दहा तास प्रखर दिवा धरणं म्हणजे कच्चा माल न देता कारखाना चालवायला सांगणं. पान थकतं, आणि थकलेल्या पानावर शेवाळं बसतं. शेवाळ्याचं थोडक्यात भागतं.

म्हणून माझं सगळं लक्ष वायूवर असतं. सिलिंडरवर रेग्युलेटर, त्यापुढे बारीक सुईचा व्हॉल्व्ह, टायमरवर चालणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह, बुडबुडे मोजायची छोटी काचनळी, पाणी उलटं शिरू नये म्हणून चेक व्हॉल्व्ह आणि शेवटी टाकीच्या तळाशी सिरॅमिकचा डिफ्यूझर, जो वायूचं धुक्यासारखं बारीक फवाऱ्यात रूपांतर करतो. दिवा लागायच्या दोन तास आधी वायू सुरू होतो, म्हणजे उजेड पडेपर्यंत पाण्यात लिटरला वीस ते तीस मिलिग्रॅमचं प्रमाण तयार असतं. दिवा विझायच्या तासभर आधी तो बंद होतो. रात्री वनस्पती हा वायू घेत नाहीत, उलट सोडतात.

प्रमाण कळायला आत काचेला चिकटवलेला ड्रॉप चेकर आहे. बोराएवढ्या काचेच्या फुग्यात ठरावीक कार्बोनेट कडकपणाचं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू या आम्लतेनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याचे थेंब. निळा रंग म्हणजे वायू कमी, पोपटी हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे जास्त. छान साधन आहे, पण तो दोन तासांपूर्वीची गोष्ट सांगतो. हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस मी विसरलेले नाही. सकाळी व्हॉल्व्ह किंचित उघडला आणि बाहेर गेले. दुपारी परतले तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून भराभर श्वास घेत होते. चेकर अजून हिरवाच होता. वायू बंद केला, फिल्टरची नळी वर उचलून पाण्याचा पृष्ठभाग ढवळता केला, अर्धं पाणी बदललं. चार टेट्रा वाचले नाहीत. तेव्हापासून दिवसभर घरी असेन त्याच दिवशी व्हॉल्व्हला हात लावते, तोही केसभर. रंगापेक्षा माशांच्या कल्ल्यांकडे बघते. आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता सांगणारा आकडा, मोजते. पेलाभर पाणी रात्रभर उघडं ठेवून त्याचा पीएच पाहायचा आणि दिवा लागताना टाकीतल्या पाण्याचा पाहायचा. फरक एकाच्या आसपास असला तर वायू दहापटीनं वाढलेला असतो, आणि बहुतेक टाक्यांना तेवढं पुरतं.

वायू पुरेसा असण्याइतकंच तो रोज सारखा असणं गरजेचं आहे. हा धडा काळ्या शेवाळ्यानं दिला. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव शिल्लक आहे तोपर्यंत दाबाचा काटा जवळपास एकाच जागी राहतो आणि द्रव संपला की झपाट्यानं खाली येतो. काट्याकडे बघून अजून भरपूर आहे असं मी धरून चालले. मग काही दिवस वायू कधी आला, कधी नाही, नवं सिलिंडर मिळेपर्यंत आणखी आठवडा गेला. तेवढ्यात ॲन्युबियसच्या जुन्या पानांच्या कडांवर काळे, दाढीच्या खुंटांसारखे झुपके उगवले. ते बोटानं निघत नाहीत, खरवडलं तर पान फाटतं. मी ती पानं देठासकट कापून टाकली. वायू पुन्हा नियमित झाल्यावर आलेल्या नव्या पानांवर एकही झुपका नव्हता. आता मी सिलिंडर दर पंधरवड्याला वजनकाट्यावर ठेवते.

खताबद्दल लोक जास्तच घाबरतात. पोटॅशियम नायट्रेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं मी एक दिवसाआड आलटून पालटून टाकते, गरजेपेक्षा थोडी सढळ हातानं, आणि आठवड्याला अर्धं पाणी बदलून उरलेलं बाहेर काढते. टॉम बार या अमेरिकन अभ्यासकानं ही पद्धत रुळवली. त्यांनी भरपूर नायट्रेट आणि फॉस्फेट देऊनही टाक्या शेवाळ्याविना चालवून दाखवल्या आणि माझ्याही टाकीत तेच दिसतं. टेस्ट किटपेक्षा पानं लवकर बोलतात. जुनी पानं पिवळी म्हणजे नायट्रोजन कमी, जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं म्हणजे पोटॅशियम कमी, नवे शेंडे फिकट म्हणजे लोह कमी. शेवाळं खरंच ज्याच्यावर तुटून पडतं ते म्हणजे अमोनिया, आणि नव्या टाकीत तोच भरपूर असतो.

त्यामुळे ज्यांना नव्यानं सुरुवात करायची आहे त्यांना मी पहिल्या सहा आठवड्यांबद्दल सगळ्यात जास्त सांगते. ॲक्वासॉइल नावाची भाजलेल्या मातीची गोळ्यांसारखी जमीन मिळते, ती सुरुवातीला अमोनिया सोडते. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे नकोत. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड पाणी बदला. दिवा अर्ध्या ताकदीवर, सहाच तास. आणि पहिल्याच दिवशी टाकी वनस्पतींनी गच्च भरा, जमीन दिसता कामा नये इतकी. चार काड्या लावून वाढायची वाट बघितलीत तर मोकळी जागा शेवाळं घेतं. दुसऱ्या आठवड्यात सगळीकडे तपकिरी थर येईल, तो डायटम या सूक्ष्म शेवाळ्याचा. बोटानं पुसला जातो आणि आपोआप ओसरतो. क्रिप्टोकोरीनची पानं विरघळल्यासारखी होतील. रोपवाटिकेत ही रोपं बहुतेक पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पानं गळून पाण्यातली नवी पानं येतात. मुळं उपटू नका, एवढंच.

आठवड्याच्या कामाला मला दीड तास लागतो आणि तो मला फार आवडतो. आधी काच पुसते, मग लांब कात्रीनं रोटाला कापते. काडीवर पेर जिथे असतं त्याच्या जरा वर कात्री लावली की आठवड्याभरात त्या पेरातून दोन शेंडे फुटतात; असं तीन-चार वेळा केलं की एका काडीचं झुडूप होतं. कापलेले तुकडे पाण्यावर तरंगतात, ते जाळीनं गोळा करते. नळीनं पानांखालची घाण ओढत अर्धं पाणी काढते, क्लोरीन काढून टाकलेलं, तितक्याच तापमानाचं नवं पाणी हळूहळू भरते. मग दिवा चालू असताना समोर बसते. अर्ध्या तासात मोंटे कार्लोच्या मोहरीएवढ्या पानांवर चांदीचे ठिपके उमटायला लागतात. नव्या पाण्यातून आलेल्या हवेचे बुडबुडे सुरुवातीला सगळीकडे, दगडावर आणि काचेवरही असतात, ते निघून जातात. मागे राहतात ते फक्त पानांवरचे. पाण्यात आणखी प्राणवायू विरघळायला जागा उरत नाही तेव्हा तो असा मणी होऊन पानाच्या कडेला थांबतो, फुगतो, सुटतो आणि सरळ रेघेत वर जातो. संध्याकाळपर्यंत रोटालाच्या कापलेल्या टोकांतून बुडबुड्यांच्या माळा चाललेल्या असतात. इतक्या वर्षांनीही मी त्यासाठी हातातलं काम बाजूला ठेवते.

आणि टाकीत शेवाळं नाही असं तुम्हाला वाटतं, ते तुम्ही समोरून बघता म्हणून. मागची काच मी घासतच नाही. तिथे हिरवा मऊ थर आहे, दगडांच्या पाठीवर आहे, फिल्टरच्या नळीच्या वाकणात आहे. अमानो कोळंब्या तो दिवसभर बारीक चिमट्यांनी वेचत असतात. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं वनस्पतींच्या टाक्यांत त्यांचा वापर रूढ केला म्हणून त्यांना हे नाव पडलं. पुढच्या वेळी आलात की डाव्या बाजूनं जरा वाकून बघा. दोन ओटोसिंक्लस मासे त्या मागच्या काचेला तोंडानं चिकटलेले दिसतील, आणि ते सरकत गेलेत तिथे तिथे स्वच्छ काचेच्या नागमोडी रेघा.